मुलींची १०० टक्के फी माफी: ओबीसी व्हॅलिडिटीपासून महाडीबीटीपर्यंत माझा अनुभव

सीईटी देऊन ॲडमिशनच्या तयारीत असलेल्या आपल्या भागातल्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितेय, कारण मला त्यावेळी नीट सांगणारं कोणी नव्हतं.

मी तासगाव तालुक्यातली, २०२४ ला सांगलीत इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलं, कॅटेगरी ओबीसी. त्याच वर्षी ८ जुलैला जीआर (शासन निर्णय) निघाला, की ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसीतल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखापर्यंत आहे त्यांची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण शासन देणार. आधी ट्यूशन फीला ५० टक्केच मिळायचे. बातमी ऐकून पप्पांचा विश्वासच बसेना, नक्की का गं, नक्की का, असं रात्रीपर्यंत चाललेलं. तर नक्की आहे, पैसे खरंच येतात. फक्त ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे, इन्स्टिट्यूट लेव्हल किंवा मॅनेजमेंटच्या सीटला हे लागू नाही. आणि डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस यात बसत नाही, तो खर्च आपलाच, हे आधीच धरून चाला.

सगळ्यात जास्त वेळ गेला जात पडताळणीला, म्हणजे व्हॅलिडिटीला. सायन्सला असाल तर बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, मी तसाच केला. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो आणि पप्पांचा जन्मच त्याच्या नंतरचा, म्हणजे राहिले आमचे आबा. आबा चौथीपर्यंत गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. हेडमास्तर बाईंनी लोखंडी कपाटातनं जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं इतकी ठिसूळ की त्या मला हात लावू देईनात, स्वतःच फूटपट्टीनं एकेक ओळ खाली सरकत बघत होत्या. आबांची नोंद सापडली, जात स्पष्ट लिहिलेली, तारीख व्यवस्थित, आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात एकच शब्द, शेतीकाम. तो वाचून मला कसंतरीच झालं, पोरगं चौथीत शाळेतनं काढून शेतात घातलं आणि त्याच ओळीच्या जोरावर आता त्याची नात इंजिनिअरिंगला जाणार. पण नाव घरात हाक मारतात तसं लिहिलेलं, सातबाऱ्यावर पूर्ण नाव वेगळं. म्हणून मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे याचं वेगळं प्रतिज्ञापत्र, आणि समितीकडनं त्रुटी निघाली ती पूर्ण करणं. हे सगळं होऊन व्हॅलिडिटी कॅप राउंडच्या आधी हातात आली हे माझं नशीब. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीची मुदतीत आली नाही आणि तिची राखीव सीट गेली, पुढच्या राउंडला ओपनमधनं जे मिळालं ते घ्यावं लागलं. मार्क माझ्याइतकेच होते तिचे, हे मला अजून पटत नाही.

नॉन क्रिमीलेयर (ओबीसीतल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, एक आहे म्हणून दुसरा लागत नाही असं समजू नका. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल लागतो. आमच्या सातबाऱ्यावर द्राक्षबाग, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न हाच की एवढी बाग आहे आणि उत्पन्न एवढंच कसं. पप्पांनी औषधांची बिलं, सोसायटीचं कर्ज, बेदाण्याची पट्टी असं सगळं समोर ठेवलं. बाग दिसली की लोकांना पैसाच दिसतो, छाटणीनंतर पाऊस पडला की काय होतं ते बाग असणाऱ्यालाच माहीत. त्यात तो जुलै-ऑगस्ट म्हणजे लाडकी बहीण योजनेचे दिवस, सेतूत आणि बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. उत्पन्नाचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे एप्रिल लागला की नवीन काढायला टाका, जूनच्या गर्दीची वाट बघू नका.

कॉलेजात ॲडमिशनच्या टेबलावर मला सांगितलं की आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल. पूर्ण फी भरायला पैसे असते तर माफीची गरजच काय होती? मी जीआरची प्रिंट घेऊन गेलेले. बाहेरच्या बाकावर पप्पांचा चेहरा पडलेला, ते म्हणत होते चल, सोसायटीतनं उचलू. मी म्हणलं थांबा, आणि सरांना प्रिंट दाखवून ज्या ओळीत ट्यूशन फीचं लिहिलंय ती ओळ वाचून दाखवली. बऱ्याच वेळानं ते आत जाऊन विचारून आले आणि बाकीची फी भरून घेऊन ट्यूशन फीसाठी हमीपत्र लिहून घेतलं, की शिष्यवृत्ती नामंजूर झाली तर मी भरीन. माझ्या मागं रांगेत उभ्या असलेल्या दोन मुलींच्या घरच्यांनी ते बघून माझ्याकडनं प्रिंटचा फोटो काढून घेतला. हा जीआर प्रत्येक ॲडमिशन टेबलाच्या मागं भिंतीवर मराठीत लावला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं, गावाकडनं आलेला बाप टेबलापुढं वाद घालत नाही, तो गुपचूप कर्ज काढतो.

महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शासनाची साइट, तिथला फॉर्म अवघड नाही, वेळखाऊ आहे. आधारला लिंक असलेला मोबाईल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. स्कॅन २५६ केबीच्या आत पण वाचता येईल असं पाहिजे. माझं रेशनकार्ड पुसट आलं म्हणून अर्ज परत आला आणि तो परत आलाय हे मला स्वतः लॉगिन करून बघितल्यावर कळलं, म्हणून स्टेटस बघत राहा. आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग विभाग, मग मंजुरी.

आणि शेवटी बँक, इथं खूप मुली अडकतात. खात्याला आधार दिलेलं असणं आणि एनपीसीआयला (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) सीडिंग, म्हणजे शासनाचा पैसा कुठल्या बँकेत जायचा त्याची आधारला नोंद, झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार एकावेळी एकाच बँकेशी सीडेड राहतं आणि शासनाचा पैसा त्याच खात्यात जातो. माझं सीडिंग शाळेत असताना काढलेल्या खात्याला होतं, जे कित्येक वर्षं वापरात नव्हतं. माय आधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघितल्यावर हे समजलं. मग वापरात असलेल्या खात्याच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून दिला, बदल दिसायला थोडे दिवस लागले, आणि त्यानंतर पुढं हप्ता आला. मेसेज आला तेव्हा पप्पा बागेत फवारणीला होते, फोनवर काही बोललेच नाहीत, नुसतं बरं बरं म्हणत राहिले.

दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं, ते विसरू नका.

माझी चुलत बहीण यंदा बारावीला आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट पडताळणीत मोठा पुरावा धरतात, त्यामुळे माझं तिच्या फाईलला जोडलंय आणि अर्ज कॉलेजमधनं आत्ताच पाठवलाय. सीडिंगही तिचं वापरात असलेल्या खात्याला करून घेतलं.