वेन नॅशनल फॉरेस्ट, रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार आणि ‘शंभर यार्डां’ची थाप

आधी निकाल: उघड्या माशीचं (दुर्बीण नाही, नळीवरच्या साध्या खुणेने नेम धरायचं) .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन आग्नेय ओहायोत येत असाल, तर पन्नास यार्डांच्या पुढचं हरीण तुमचं नाही. दुकानात, रेंजवर आणि व्हिडिओत जो तो ‘शंभरपर्यंत बिनधास्त’ म्हणतो. तो शंभरचा आकडा टेबलावर वाळूच्या पिशव्या टेकवून काढलेला असतो. इथल्या घळींत टेबल नाही.

कोलंबसहून यूएस ३३ ने लँकेस्टर, लोगन करत नेल्सनव्हिल, म्हणजे वेनच्या जंगलापर्यंत, तास-सव्वा तास. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बंदुकीचा आठवडा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. हँडगनसाठी नियम असा: नळी किमान ५ इंच, काडतूस सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं न होणारं) आणि कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) .३५७ किंवा मोठं. म्हणजे कमरेचं चार इंची घरीच ठेवा. नारिंगी जॅकेट सक्तीचं. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत.

आता इथला उतार. सोंडेवरून घळीत उतरताना पानगळ झालेल्या ओकमधून दीडशे यार्ड आरपार दिसतं, आणि इथेच माणूस फसतो. दिसणं वेगळं, गोळीला मोकळी वाट मिळणं वेगळं. ग्रीनब्रायरच्या काटेरी वेली, रानगुलाबाची जाळी, बोटाएवढ्या फांद्या. जड गोळी फांद्या तोडत सरळ जाते हे साफ खोटं. फांदीला लागली की कुठलीही गोळी वाट सोडते. मोकळी फट बहुतेक ठिकाणी तीस ते पन्नास यार्डांचीच मिळते. ओल्या पानांवर पाय घसरतात, वर येताना मांड्या भरून येतात. तीन दिवस हा उतार चढून-उतरून झाल्यावर लिहितोय, त्यामुळे सूर जरा चिडका वाटला तर समजून घ्या.

परिणामकारक पल्ला काडतुसाचा नसतो, हाताचा असतो. तो असा काढा. सहा इंची कागदी प्लेट लावा. बसून काठ्यांच्या आधाराने, गुडघा टेकून, झाडाला हात टेकवून, अशा प्रत्येक पवित्र्यात सहा-सहा गोळ्या झाडा. आधी २५ यार्ड, मग ३५, मग ५०. सहाच्या सहा प्लेटवर बसल्या तरच ते अंतर तुमचं. पाच बसल्या तर आधीच्या, जवळच्या अंतरावर परत या. आणि हे पळत एक फेरी मारून, छाती धडधडत असताना करा. आधार हाताखाली किंवा मुठीखाली घ्यायचा. नळी कठीण वस्तूवर टेकवली की नेम सरकतो. सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) आणि नळीमधल्या फटीतून पेटता वायू बाजूला उडतो, तिथे बोट किंवा पाठपिशवी ठेवू नका.

आकडे बघा. २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी नळीतून सुमारे १३५० फूट प्रति सेकंदाने निघते, शंभर यार्डांवर ती १०८० च्या आसपास उरते. नेम पन्नासवर जुळवला असेल तर शंभरवर ती पाच-सहा इंच खाली पडते. त्यात पुढची माशी एक अष्टमांश इंच रुंद असेल तर शंभरवर ती तेरा-चौदा इंच झाकते, म्हणजे हरणाची जवळजवळ अख्खी छाती. नेम कशावर धरणार? रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमयंत्र) लावला तर हा प्रश्न मिटतो, पण फांद्या मिटत नाहीत. .३५७ मध्ये १५८ ग्रेनला १२५० चा वेग धरला तर ऊर्जा साधारण ५५० फूट-पाउंड; .४४ ची ९७०. .३५७ वाल्यांनी पस्तीसवर थांबावं.

गोळीबाबत सगळ्यात जास्त फसवणूक होते. ‘डिफेन्स’ लिहिलेली १८० ग्रेनची होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, लागताच पसरणारी) काडतुसं चढ्या भावाने गळ्यात मारतात. ती लवकर फुलतात, उथळ थांबतात आणि खांद्याच्या हाडावर तर निकामीच. हँडगनची गोळी रायफलसारखा धक्का देत नाही. ती भोक पाडते आणि रक्त वाहवते. म्हणून आरपार जाणं महत्त्वाचं. .४४ मध्ये २४० ग्रेनची एक्सटीपी (शिकारीसाठीची एक होलो पॉइंट गोळी) किंवा तसलीच जाड जॅकेटची गोळी पुरे. हार्ड कास्ट (कठीण शिशाची ओतीव गोळी) घ्यायची तर सपाट, रुंद नाकाची. ती फुलत नाही, सरळ पार होते, म्हणून हरणामागे मातीचा चढ असल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

सरावाची स्वस्त काडतुसं आणि शिकारीची यांचं वजन वेगळं असेल तर नेम पुन्हा तपासा: जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात नळी उचलली जाते आणि गोळी वर लागते. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड काडतुसांच्या गोळ्या धक्क्याने पुढे सरकून सिलिंडर अडकतो. सहा भरा, पाच झाडा, सहाव्याची लांबी कॅलिपरने मोजा. वाढली असेल तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद.

हरीण बाजू दाखवून उभं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच गोळी झाडा. समोरासमोर नाही, पळताना तर नाहीच. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. नीट लागलं तरी ते पन्नास-शंभर यार्ड पळतं, त्यामुळे चुकलो समजून निघून जाऊ नका. अर्धा तास बसा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. हिरवट, वास येणारं म्हणजे पोट. मग निदान काही तास थांबा, नाहीतर जनावर पुढच्या घळीत जाईल. तो चढ तुम्हाला नको आहे.

दुसरा दिवस सुंदर होता. पुढे.

एच-१बी (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींसाठी: अशा व्हिसावर बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणून मित्राची बंदूक ‘जरा हातात’ घेण्याआधी परवाना काढा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत गेम चेकवर (राज्याच्या शिकार-नोंदणी यंत्रणेवर) करावी लागते. घळीत फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. वेळ लक्षात ठेवून सोंडेवर या.