अगदी ताईच

काल बडोद्याच्या गांधी नगरगृहात ‘देवेंद्र कोरवंजी’ या नृत्यनाटकाचा प्रयोग झाला आणि कोरवंजीची भूमिका पहिल्यांदाच माझ्याकडे होती. प्रयोग रंगला, नृत्य शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला, बाबा शेवटपर्यंत बसले. त्याविषयी आज लिहिणार नाही. रंगपटात दांडिया बाजारच्या आजी आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “अगदी ताईच दिसलीस गं.” ताई म्हणजे माझ्याआधी कोरवंजी करणाऱ्या. आजींच्या त्या एका वाक्याने माझी झोप गेली.

त्यांनी कौतुकच केले, हे मला समजते. तरीही इतकी वर्षे इंद्राणीच्या सख्यांमध्ये मागच्या कोपऱ्यात उभी राहून ज्या भूमिकेची वाट पाहिली, ती मिळाल्यावरही लोकांना दुसरीच कोणी दिसावी, याचे रात्रभर वाईट वाटत राहिले. टोपली ताईंची, छडी ताईंची, पोशाखही त्यांचाच, माझ्या मापाचा करून घेतलेला. मग रंगमंचावर माझे असे काय होते? ताई स्वतः प्रयोगाला आल्या असत्या तर... ते राहू दे.

तंजावरच्या सरफोजीराजांनी ही भूमिकाच विलक्षण लिहिली आहे. कुरवंजी नाटकांत भविष्य सांगणारी ही बाई एरवी विरहिणी नायिकेचा हात पाहून प्रियकराच्या भेटीचे सांगते; इथे ती इंद्राणीला मराठी पदांतून चक्क पृथ्वीचा भूगोल सांगते. म्हणजे देश, पर्वत, नद्या हे सारे नाचणारीने हातांनी आणि नजरेने उभे करायचे. समुद्राच्या ओळीला ताई पावले थांबवत आणि सगळे सभागृह त्यांच्याबरोबर थांबे. काल मीही तिथे थांबले. बाईंनी तसे बसवले आहे म्हणून, की ताई थांबत म्हणून, हे मला रात्री ठरवता येईना.

पहाटे एकदम लक्षात आले की त्या ओळीला ताईंचा चेहरा मी कधी पाहिलेलाच नाही. मागे उभ्या असलेल्या सखीला दिसे ती त्यांची पाठ, वेणी आणि मानेचे संथ वळण. डोळ्यांत काय उमटत असे, ते मी मनानेच भरत आले. म्हणजे मान त्यांची असेल, नजर माझी होती. मानेचे तरी आता फारसे वाईट वाटत नाही. ताईंना ती बाईंकडून मिळाली, बाईंना त्यांच्या गुरुजींकडून. १८८० साली सयाजीराव महाराजांचे लग्न झाले तेव्हा चिमणाबाईंबरोबर तंजावरहून ज्या नर्तकी आणि नट्टुवनार, म्हणजे त्यांचे नृत्यगुरू, बडोद्यात आले, त्यांचे नृत्यही असेच कोणी ना कोणी मागे उभे राहून उचलले असणार. त्या रांगेत ताईंच्या मागे माझा नंबर लागला आहे, तर तो मला हवाच आहे.

उद्या ताईंना फोन करणार आहे. अभिनंदनाच्या अपेक्षेने नव्हे. समुद्राच्या ओळीला त्या नजर नेमकी कुठे ठेवत, एवढेच विचारायचे आहे. मी ती डावीकडून उजवीकडे नेली. पुढच्या प्रयोगात मला ती आणखी संथ न्यायची आहे.