माहिती देणारी: आजी

बालरोगाच्या केसपेपरवर मुलाच्या नावानंतर एक रकाना असतो: माहिती कोणी दिली आणि ती भरवशाची आहे का. त्या सकाळी रेसिडेंटनं तिथं लिहून ठेवलं होतं, ‘आजी. भरवशाची नाही.’ आजी फक्त कोरकू, ही मेळघाटातल्या आदिवासींची भाषा, बोलत होती, एवढाच तिचा गुन्हा.

नात तीन वर्षांची, पांढरीफटक. धारणीकडून अमरावतीमार्गे आमच्या सरकारी मेडिकलला पोचलेली. रेफर चिठ्ठीवर ताप, तीव्र रक्तक्षय आणि मलेरियापुढे प्रश्नचिन्ह. मोडकंतोडकं हिंदी येणारा बाप रक्तपेढीत अडकलेला. मेळघाटातले पेशंट आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात, पण दुभाष्या नावाचं पद कुणाला सुचलेलं नाही. आया, वॉचमन, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक, सापडेल त्याला धरायचं.

मी तिसऱ्या वर्षाच्या बॅचला हिस्ट्री घ्यायला सांगितली. बॅचमधल्या हुशार पोरीनं आजीला मराठीत विचारलं, मग हिंदीत, मग तेच हिंदी मोठ्यानं. (आवाज चढवला की भाषा कळते, ही समजूत आमच्या प्राध्यापकांतही आहे.) आजीनं माझ्याकडे एकवार पाहिलं आणि नातीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मागच्या रांगेत एकजण हसला. लगेच ओठ मिटले, पण आजीनं पाहिलं होतं. ती थेट त्याच्याशीच बोलू लागली.

हा मुलगा शांत, हात चांगला. त्याचं आडनाव ‘कर’नं संपतं. बेठेकर, कासदेकर, भिलावेकर ही कोरकूंची आडनावं मेळघाटाबाहेर फारशी कुणाला माहीत नसतात. पहिल्या वर्षी होस्टेलवर कुणीतरी विचारलं, कोकणातला का रे? यानं नाही म्हटलं नाही. मग दर मे महिन्यात मित्र हापूस मागू लागले आणि एकदा यानं म्हणे मार्केटमधून पेटी विकत घेऊन वाटलीही. मला हे नंतर कळलं. हसू आलं आणि गेलं. कारण आमच्याकडे ‘नीटला किती होते?’ हा प्रश्न गुणांसाठी नाही, जात काढायला विचारतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत आदिवासी डॉक्टर पायल तडवीनं जीव दिला, सीनियर्सनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, ते साल २०१९. त्याच साली नवा अभ्यासक्रम आला, सुरुवातीला फाउंडेशन कोर्स, त्यात संवादकौशल्य वगैरे. तिथं आम्हीच व्यासपीठावरून मुलांना सांगतो, जसे आहात तसे राहा. टाळ्या पडतात.

तर त्या सकाळी तो जसा होता तसा झाला. खाटेजवळ गेला, वाकला आणि कोरकूत बोलू लागला. बॅच गप्प.

पुढची दहा मिनिटं मी कितीतरी वर्षं शिकवतोय ती हिस्ट्री डोळ्यांसमोर घडत होती. ताप किती दिवस, हे त्यानं तारखेत विचारलं नाही. बाजाराच्या आधी की नंतर, असं विचारलं. पोट कालपासून डावीकडं वर आलंय. पोरगी वर्षाचीही नव्हती तेव्हा दोन्ही हातपाय सुजले होते, भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेलं, त्यानं चटके दिले. तिच्या आधीचा भाऊ असाच पांढरा पडून गेला. एवढ्यात सगळं आलं: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि स्प्लीनमध्ये, म्हणजे प्लीहेत, रक्त साचतंय. सिकलसेलच्या तपासणीची चिठ्ठी लिहिलेली होती, पण नमुना दुपारच्या खेपेत जायचा होता आणि रक्ताची पिशवी तोवर लागली असती. दुसऱ्याचं रक्त एकदा चढलं की एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या तपासणीचा, अहवाल पुढं तीनेक महिने गोंधळाचा येतो. नमुना आधी घेतला. पिशवीही नेहमीच्या निम्म्या मापानं लावली, कारण स्प्लीनमध्ये अडकलेलं रक्त पुढं सुटून परत फिरतं आणि हिमोग्लोबिन भलतंच चढतं. पोरगी सावरली. रेसिडेंटनं ‘नाही’वर काट मारली, कुणी सांगितलं नव्हतं, तेवढं श्रेय त्याला.

खरं अवघड नंतर झालं. आठवड्याभरात त्याचा नंबर सगळ्या वॉर्डांत पोचला. लेबर रूममधून रात्री दोनला फोन, सर्जरीतून लेक्चर चालू असताना फोन. हाक मारणाऱ्यांना वाटायचं, आपण त्याचा गौरवच करतोय. एका सहकाऱ्यानं तर माझ्यासमोर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, ‘आमचा मेळघाट!’ याचं तोंड मी पाहिलं. कोकणातला होता तेव्हा त्याच्याकडे वर्षातून एकदा फक्त आंबे मागत होते.

मी विभागात बोललो, विद्यार्थ्याला असं वापरता येणार नाही म्हणून. माना डोलल्या. फोन थांबले नाहीत. पण त्याला बोलावलं नाही तर आजी परत ‘भरवशाची नाही’, हेही मला दिसत होतं. अजून दिसतं.

महिन्याभरानं तो केबिनमध्ये आला. हातात टाइप केलेले दोन कागद. हिस्ट्रीचे प्रश्न मराठीत, शेजारी देवनागरीत कोरकू, आणि कुठल्या उत्तराला पुढं काय विचारायचं, तेही. आता सगळ्या वॉर्डांत त्याच्या झेरॉक्स आहेत. रेसिडेंटांचे उच्चार ऐकून म्हाताऱ्या खदखदून हसतात, पण उत्तरं देतात.

मी म्हटलं, ‘खाली तुझं नाव टाक, हे काम तुझं आहे.’

‘नको सर. नाव दिसलं की परत फोन येतील.’

दाराशी गेल्यावर मी विचारून घेतलं, त्या दिवशी आजी माझ्याबद्दल काय म्हणाली होती. तो पुन्हा तसाच हसला आणि म्हणाला, ‘सर, ते त्या कागदात नाही.’