मार्केट यार्डात व्हर्च्युअलबॉक्स : दोन दिवसांची कोल्हापूर वारी

मामांची शाहू मार्केट यार्डात गुळाची आडत आहे. गेल्या वर्षी मीच हौसेनं त्यांच्या संगणकावर उबंटू लिनक्स टाकून दिलं होतं. पण शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, काढायचा त्यांचा जुना प्रोग्राम विंडोजशिवाय हलत नाही. हंगाम तोंडावर आला तसा फोन आला, "तुझं लिनक्स लय भारी हाय, पर पट्ट्या काय हातानं लिहू व्हय?" उबंटूच्या आतच एका खिडकीत विंडोज चालवायचं ठरवलं, त्यासाठीचा प्रोग्राम म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स. पहाटेची एसटी धरून पुण्यातल्या स्वारगेटहून निघालो.

पहिली चूक घरीच झाली होती. व्हर्च्युअलबॉक्स 6.1 पासून प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची (एका यंत्रात दुसरं आभासी यंत्र चालवायची) सोय चालू असल्याशिवाय चालतच नाही, आणि ती चालू आहे का हे मी आधी विचारलंच नव्हतं. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' लिहिलं की यादीत 'व्हर्च्युअलायझेशन' अशी ओळ दिसायला हवी. दिसली नाही. ती चालू करायला बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायला गेलो तर पासवर्ड! संगणक विकणाऱ्यानं घालून ठेवलेला, मामांना पत्ताच नाही. त्याचं दुकान उघडेपर्यंत मिसळ खाल्ली. कट दोनदा मागितला, तेवढंच काय ते सकाळचं फलित. तुम्ही दुसऱ्याच्या यंत्रावर काम करायला जाणार असाल तर निघण्याआधी त्या यादीचा आणि बायोसच्या पडद्याचा फोटो मागवा. विंडोज बसवायची आयएसओ फाइलही घरूनच पेनड्राइव्हवर न्या, आणि परवाना वेगळा लागतो हे विसरू नका.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर याच कामाचं केव्हीएम आहे. 2007 पासून ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतं. पण मामांना चिन्ह दाबलं की खिडकी उघडणारं काहीतरी हवं होतं, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स. मात्र कर्नल 6.12 किंवा पुढचा असेल तर हे दोघे भांडू शकतात. केव्हीएमचं मोड्यूल (कर्नलला जोडला जाणारा तुकडा) आधीच प्रोसेसर अडवून बसतं. ते उतरवलं की वाट मोकळी.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं मोड्यूल चढू न देणारी सोय, चालू असल्यामुळे इन्स्टॉल होताना व्हर्च्युअलबॉक्सनं एक पासवर्ड ठरवायला सांगितला. पुढच्या रीबूटला निळा पडदा येतो आणि जेमतेम दहा सेकंद थांबतो. नेमका तेव्हाच मी चहाचा कप घ्यायला वळलो. पडदा गेला, मोड्यूल काही चढेना. दुसऱ्या खेपेला कळफलकावर बोट ठेवूनच बसलो, 'एनरोल मोक' (सहीची किल्ली नोंदवा) निवडलं, तोच पासवर्ड दिला, झालं.

यंत्रात 8 जीबी मेमरी. त्यातली 4 आणि दोन कोर विंडोजला दिले. सगळी मेमरी आतल्याला दिलीत तर बाहेरचा गुदमरतो.

खरी झुंज प्रिंटरशी. पट्ट्या डॉट मॅट्रिक्सवर, कार्बन घालून निघतात. विंडोजला तो यूएसबी प्रिंटर दिसेचना. कारण साधं होतं. आपलं खातं 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात टाकावं लागतं, आणि टाकल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं. ते लॉगआउट मी केलं नव्हतं. यात दुपारचे दोन तास गेले. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये त्या प्रिंटरचं फिल्टर जोडलं, म्हणजे तो थेट विंडोजकडे जातो. आता विंडोज चालू असताना तो उबंटूला दिसत नाही. मामांना त्याचं सोयरसुतक नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक, म्हणजे जादा सोयींची पुरवणी, मुद्दाम टाकला नाही. धंद्यासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि 7.0 पासून यूएसबी 2 आणि 3 मूळ पॅकेजातच मिळतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्र कर्र करत पहिली पट्टी निघाली. मामांनी ती उजेडात धरून तोलाईचा आकडा तपासला, मगच मान हलवली.

बॅकअपसाठी आभासी यंत्र बंद करून त्याचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं. स्नॅपशॉट, म्हणजे आभासी यंत्राची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, हा बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. आणि मामांची सवय थेट भिंतीवरचं बटण बंद करायची! म्हणून मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी डकवून आलो : आधी आतलं बंद, मग भायेरलं. खाली मामांनी पेनानं लिहिलंय, "मग दुकान."