"पण पिंग येतोय ना?"

रात्री अलार्म वाजला तो डेटाबेस सर्व्हरचा. साइट बंद, एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) लागेना. "पण पिंग येतोय ना?" मॅनेजरचा फोनवर एकच धोशा. पिंग म्हणजे नेटवर्कवरून मारलेली 'आहेस का?' अशी हाक. तिला उत्तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा देतो; वर सगळं कोलमडलं तरी देत राहतो. पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, तेसुद्धा उघडंच दिसतं, फक्त पुढे बॅनर, म्हणजे एसएसएचची पहिली ओळ येत नाही. हे दर वेळी नव्यानं समजावून सांगावं लागतं.

अशा वेळेसाठीच मदरबोर्डवर बीएमसी असतो. सर्व्हर बंद असला तरी स्टँडबाय विजेवर जागा राहणारा छोटा, वेगळा कॉम्प्युटर. तिथून पॉवर सायकल दिली, म्हणजे सर्व्हर दुरूनच बंद करून चालू केला, की काम झालं. पण बीएमसीच्या पानावर लॉगिननंतर नुसतं चक्र फिरत राहिलं. बीएमसीशी बोलायच्या आयपीएमआय कमांडलाही उत्तर नाही. बीएमसी रिसेट करायची कमांड आहे, पण ती ऐकायला तोच शुद्धीवर हवा!

उरला पीडीयू, म्हणजे सर्व्हरना वीज देणारी, दुरून एकेक आउटलेट बंद-चालू करता येणारी पट्टी. सर्व्हरचे पॉवर सप्लाय दोन, 'अ' आणि 'ब' अशा दोन वेगळ्या पीडीयूंवर. दोन्हींची वीज एकदम तोडल्याशिवाय उपयोग नाही. कुठल्या आउटलेटवर कुठला सर्व्हर, ही 'अ'वरची नावं चोख, केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याची कृपा. 'ब' मागाहून कुणीतरी घाईत बसवलेला, त्यावर नावंच नाहीत. रात्री तिथे माणूसही नसतो. मग 'अ'वरचा आउटलेट बंद केला, म्हणजे सगळा भार 'ब'वरच्या जोडीदारावर येणार, आणि 'ब'च्या आउटलेटांचे अँपिअर बघत बसलो. चौदाव्या आउटलेटचा आकडा ०.७ वरून १.४ वर गेला. 'अ' चालू केला, पुन्हा ०.७. सापडला जोडीदार.

दोन्ही बंद केले. कपॅसिटर रिकामे व्हायला मिनिटभर थांबलो, मग चालू. आधी बीएमसी उठला. मेमरी तपासणीत बराच वेळ स्क्रीन ढिम्म. शेवटी डेटाबेसनं स्वतःचा लॉग वाचून सगळं सावरलं, एकही नोंद गेली नाही.

मॅनेजर खूश. मी सकाळी लॉग उघडला. मेमरी संपल्यामुळे नवी प्रोसेस सुरू होत नव्हती. जुन्या मात्र धडधाकट. एक मोठा रिपोर्ट वीज तोडली त्या सेकंदापर्यंत चालू होता. तो संपला असता तर मेमरी सुटली असती आणि कदाचित सर्व्हर आपोआप मोकळा झाला असता. पण किती वेळात? दहा मिनिटांत की पहाटे? बाहेरून ते कळायला काहीच मार्ग नव्हता. अहवालात कारण म्हणून 'सर्व्हर हँग' लिहायला सांगितलंय. मी अजून तो रकाना भरलेला नाही.