डाळ आधी शिजवा, ओळ मग छापा

किराणा दुकानांच्या साखळीसाठी विनोदी जाहिरात करायची म्हटलं की पहिल्याच बैठकीत वीस कोट्या सुचतात. त्यातल्या बहुतेक कुठल्याही दुकानाला चालतील अशा असतात. त्या तिथेच बाद कराव्यात. विनोद त्याच दुकानातल्या खऱ्या गोष्टीवर उभा असला तरच माणूस हसतो आणि पिशवी घेऊन निघतो.

म्हणून सुरुवात काउंटरपासून करावी. तीन शाखांत दोन-दोन तास उभं राहायचं. एकदा 1 ते 7 तारखेच्या दरम्यान, महिन्याचा किराणा भरला जातो तेव्हा, आणि एकदा 20 तारखेनंतर, गिऱ्हाईक अडीअडचणीचं सामान नेतं तेव्हा. कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरवायचं. ‘पाचच वस्तू घ्यायला आलो होतो.’ ‘कोथिंबिरीवर कढीपत्ता नाही का देत?’ ‘मागच्या वेळची डाळ शिजलीच नाही हो.’ यातलं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे.

त्यावरून तूरडाळीसाठी ओळ निघते: ‘आमच्याकडे सगळ्यांची डाळ शिजते.’ वाक्प्रचार सगळ्यांच्या तोंडातला, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही, आणि मालाबद्दल ठाम दावाही होतो. म्हणूनच छापण्याआधी डाळ शिजवून बघायची. विक्रीला जाणार त्याच लॉटमधली एक वाटी डाळ, अर्धा तास भिजवून, अडीच वाट्या पाण्यात, मीठ-चिंच न घालता, कुकरच्या तीन शिट्ट्या. एकदा नळाच्या पाण्यात, एकदा बोअरच्या. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ नीट मऊ होत नाही, दाणा अख्खा राहतो. जुन्या साठ्यातली डाळही अशीच हटून बसते. ज्या शाखेभोवती सगळ्या सोसायट्या बोअरवर आहेत, तिथे ही ओळ लावली तर ‘यांचीच डाळ शिजेना’ असं लोक म्हणणारच. तिथे डाळीच्या रॅकवर साधी पट्टी लावावी: ‘बोअरचं पाणी? जास्त वेळ भिजवा, चिमूटभर सोडा घाला.’ ही पट्टी विनोदी नाही, पण विनोदाला तीच सांभाळते.

फ्रान्समधल्या इंटरमार्शे या साखळीने 2014 मध्ये वेडीवाकडी फळं-भाज्या विकायला काढल्या, तेव्हा हेच केलं. पोस्टरवर विचित्र बटाटा, बेढब गाजर ऐटीत मिरवत होतं. पण नुसतं हसवून ते थांबले नाहीत. माल 30 टक्के स्वस्त ठेवला आणि त्याच भाज्या-फळांचं सूप व रस दुकानात ठेवले, म्हणजे चवीत फरक नाही हे जिभेला कळावं. आपल्याकडे वाकड्या दुधीसाठी असं काही करायचं तर दर आणि चव दाखवायची सोय आधी करावी, पोस्टर नंतर.

शब्दांचं एक पथ्य आहे. आषाढीला साबुदाण्यासाठी ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कोणालाही सुचेल. म्हण प्रेमाची आहे, ती घराघरात म्हणतात. पण ‘दुप्पट’ दिसलं की गिऱ्हाईक एकावर एक फुकट समजतं आणि काउंटरवर वाद होतो. एक तर खरंच तशी योजना ठेवा, नाहीतर ओळ सोडा. शेजारी विठ्ठलाचं चित्र मात्र नको. उपासाची थट्टा घरची असते, देवाची तशी राहत नाही. सासू-सुनेचे विनोद तर कधीच घेऊ नयेत. यादी करणाराही गिऱ्हाईक असतो आणि पिशवी उचलणाराही.

फ्लेक्सवर सहा-सात शब्द पुरे. अंतर दहा फूट असेल तर अक्षर निदान एक इंच उंच हवं, शंभर फुटांवरून वाचायचं तर दहा इंच. बारीक फॉन्ट घेतला की अनुस्वार उडतो आणि मात्रा शिरोरेषेत मिसळते. युनिकोड मजकूर (मोबाइलवर, संगणकावर नेहमी टाइप होतो तो) छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं हमखास तुटतात, म्हणून छपाईला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून द्यावीत आणि ए-फोर कागदावर प्रिंट काढून दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावं. रेडिओच्या 20 सेकंदांत चाळीसेक शब्दच मावतात, त्यातली शेवटची पाच सेकंदं दुकानाच्या नावाला.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत 2022 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पुरेसा साठा नसताना आमिष दाखवता येत नाही, आणि तळाची अट वरच्या दाव्याला खोडून काढणारी चालत नाही. ‘थट्टेत म्हटलं होतं’ हा बचाव धरून चालू नये.

परिणाम मोजायचा तर एकच वस्तू घ्यावी. दोन शाखांत ओळ लावायची, तशाच गर्दीच्या दुसऱ्या दोन शाखांत नाही. 14 दिवस बिलांवरून पाकिटं मोजायची, आणि त्या काळात चारही ठिकाणी दर हलवायचा नाही. दर बदलला की विक्री विनोदाने वाढली की स्वस्ताईने, ते कळत नाही. आणि त्या लॉटची डाळ संपली की फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवायचा. नवा लॉट आला की पुन्हा कुकर लावायचा.