ओक्यूझच्या शेपटीतला झ

शब्दांची मुळं नोंदवायच्या माझ्या कार्डांपैकी बैलाचं कार्ड अखेर पुढे सरकलं. त्यापायी तीन रविवार गेले.

नव्यांसाठी थोडक्यात: तुर्कीत बैल म्हणजे ओक्यूझ. (ओठ ‘ओ’चे ठेवून जीभ ‘ए’ला न्यायची, देवनागरीत हा स्वर बसतच नाही.) तिच्याच कुळातल्या कझाकमध्ये ओगिझ, उझबेकमध्ये होकिझ. आणि आजच्या पश्चिम चीनमधल्या तारीम खोऱ्यातल्या कुचाकडच्या तोखारी ब या आता मृत भाषेत ओक्सो. संस्कृतातला उक्षा आणि इंग्रजीतला ऑक्स ही ओक्सोचीच भावंडं. तुर्कांनी हा शब्द तोखारी शेजाऱ्यांकडून उचलला, हे मत जुनंच आहे. पाहताक्षणी पटतं, मलाही पटलं होतं.

घोळ शेवटच्या झचा. ओक्सोत तो नाहीच! आधी वाटलं, प्राण्यांच्या नावांना लागणारा प्रत्यय असेल: डोमुझ म्हणजे डुक्कर, कुंदुझ म्हणजे बीव्हर. त्याच भरात अफगाणिस्तानातलं कुंदुझ शहरही कार्डावर चढवलं. ते नाव फारसीतल्या ‘कुहन दिझ’वरून, म्हणजे जुना किल्ला. खोडलं. प्रत्ययाची कल्पनाही बाजूला ठेवली.

मग चुवाश उघडली. ही वोल्गाकाठची तुर्की कुळातली भाषा, पण इतरांचा झ हिच्याकडे र होतो. नऊला तुर्कीत दोकुझ, हिच्यात तहर. मुलीला किझ, हिच्यात हेर. आणि बैल? वकर! हंगेरियनमधला ओकोरसुद्धा अशाच र-वाल्या तुर्की भाषेतून गेलेला. म्हणजे झ मागाहून चिकटलेला नाही. घराणं फुटण्याआधीच शब्द घरात होता, शेपटीसकट. उसनवारी झालीच असेल तर ती हाती असलेल्या तोखारी पोथ्यांच्या खूप आधीची, आणि ओक्सोहून जुन्या रूपाची. शेपटीचा खुलासा होईपर्यंत कार्डावर ‘उसना’ असं पेन्सिलीनेच लिहिलंय.

जाता जाता: तुर्कीतही मठ्ठ माणसाला बैलच म्हणतात. आणि एक म्हण सापडली, ‘ओक्यूझ ओल्द्यू, ओर्ताक्लिक बोझुल्दू’: बैल मेला, भागीदारी मोडली.

महमूद काशगरी या कोशकाराच्या १०७२-७४ च्या तुर्की भाषांच्या कोशात बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात बैलाचं वर्ष ओक्यूझचं नाही, ‘उद’चं आहे. त्याच यादीत, चिनी चक्रात ड्रॅगन येतो त्या जागी, चक्क ‘नाग’ बसलाय. पुढचं कार्ड त्याचं.